दाद मिळते, ओळख होत नाही: एका हौशी छायाचित्रकाराच्या प्रश्नाचे उत्तर

कोल्हापूरच्या एका हौशी छायाचित्रकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकेतली नोकरी सांभाळून ते सुट्टीच्या दिवशी तालमी, रंकाळ्याचा परिसर आणि जोतिबाची यात्रा यांची छायाचित्रे काढतात आणि दोन वर्षांपासून ती डेव्हियंटआर्ट या ऑनलाइन कलासमुदायात मांडतात. प्रत्येक चित्राला वीस-पंचवीस पसंत्या मिळतात, ‘ब्यूटिफुल’, ‘नाइस शॉट’ असे अभिप्रायही येतात. मात्र ज्याच्याशी मोकळेपणाने दोन गोष्टी बोलाव्यात असा एकही माणूस तिथे अजून भेटलेला नाही. आपली चित्रे कमी पडतात का, इंग्रजी आड येते का, आणि हे सगळे सोडून इन्स्टाग्रामवर जावे का, असे त्यांचे तीन उपप्रश्न आहेत.

चित्रे कमी पडत नाहीत, आणि ती याहून चांगली झाली तरी तेवढ्याने मित्र वाढणार नाहीत. चांगल्या चित्रामुळे पाहणारे वाढतात, आणि पाहणारा व मित्र यांच्यात बरेच अंतर असते. छायाचित्रे मांडण्याचे संकेतस्थळ फ्लिकर आणि डेव्हियंटआर्ट या दोन्ही ठिकाणी अनेक वर्षे वावरताना माझ्या ज्या ओळखी झाल्या आणि टिकल्या, त्या एक तर दुसऱ्याच्या चित्राखाली मी लिहिलेल्या मजकुरामुळे झाल्या, किंवा माझे एखादे साधेसुधे छायाचित्र दुसऱ्याच्या कामी आल्यामुळे झाल्या. माझ्या सर्वांत गाजलेल्या चित्राने मला एकही मित्र दिला नाही. पुढचा बहुतेक मजकूर या दोन गोष्टींविषयीच आहे.

आधी पसंतीचा हिशेब समजून घ्यावा लागेल. डेव्हियंटआर्ट ऑगस्ट २००० मध्ये सुरू झाले आणि फ्लिकर फेब्रुवारी २००४ मध्ये. फ्लिकरचा जन्म मोठा गमतीचा आहे: व्हँकुव्हरमधली एक छोटी कंपनी ऑनलाइन खेळ तयार करत होती, त्या खटाटोपातून हे निघाले, आणि सुरुवातीच्या रूपात गप्पा मारता मारता एकमेकांना छायाचित्रे दाखवण्याची सोय हेच त्याचे मुख्य अंग होते. बोलणे आधी होते आणि चित्र हे बोलण्याचे निमित्त होते. सदस्य वाढत गेले तशी गप्पांची सोय मागे पडली आणि एका क्लिकमध्ये उरकणारी पसंती पुढे आली. डेव्हियंटआर्टवर लामा या प्राण्याचा बिल्ला एकमेकांना देण्याची टूम निघाली. कोणी लामा दिला की आपण परत द्यायचा, एवढाच तो व्यवहार. फ्लिकरवर ‘एक चित्र मांडा आणि दोघांना अभिप्राय द्या’ अशा नियमाचे गट फोफावले, आणि त्या नियमाची पूर्तता म्हणून लोक चमचमणारे तयार बिल्ले एकमेकांच्या चित्राखाली चिकटवू लागले. हा सारा प्रकार लग्नातल्या आहेराच्या वहीसारखा आहे: तुम्ही एकावन्न दिलेत, आमच्याकडून एकावन्न पोचले, खाते मिटले. त्यात लबाडी नाही, पण त्यातून मैत्री होण्याचे कारणही नाही, कारण बहुतेक वेळा देणाऱ्याने चित्र पाहिलेलेच नसते.

नियमामागची मूळ कल्पना मात्र चांगली होती, आणि ती इंटरनेटच्या बरीच आधीची आहे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळापासून हौशी छायाचित्रकारांची टपाल-मंडळे चालत आली. सभासदांचे प्रिंट एका पेटीत घालून ती पेटी टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असे, आणि पेटी पुढे पाठवण्याआधी प्रत्येकाने इतरांच्या प्रिंटवर आपले मत लेखी नोंदवायचे, असा रिवाज होता. पेटी घरी येऊन पडलेली असे. ती पुढे धाडण्याआधी चार ओळी लिहायच्याच आहेत म्हटल्यावर माणूस चित्राकडे जरा वेळ देऊनच पाही. वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेले सभासद एकमेकांची नजर मात्र पुरती ओळखून असत. ऑनलाइन समुदायात ती पेटी फिरवण्याचे काम आता कोणी करत नाही, म्हणून ते आपले आपण करावे लागते.

ते कसे करावे, हे उदाहरणाने सांगतो. समजा पोलंडमधल्या कोणी हिवाळ्यातल्या रिकाम्या बसथांब्याचे छायाचित्र मांडले आहे: संध्याकाळची निळसर वेळ, थांब्यात एक पिवळा दिवा, काचेवर रस्त्याचे प्रतिबिंब आणि बाकावर कोणाचा तरी विसरलेला हातमोजा. त्याखाली ‘सुंदर प्रकाश’ असे लिहिणारे दहा जण असतील. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘हातमोजा मला उशिरा दिसला, कारण नजर आधी दिव्याकडे आणि तिथून काचेकडे जाते. तो दिसल्यावर मात्र थांबा रिकामा वाटेनासा झाला. तो तिथेच होता, की आपण ठेवलात? उजवीकडची कचरापेटी मला खटकली, पण ती कापली तर थांबा कडेला चिकटेल, म्हणून आपण ठेवली असावी असे वाटते.’ या चार-पाच वाक्यांत काय काय आले ते पाहा. पाहणाऱ्याची नजर कोणत्या वाटेने फिरली हे आले, जे चित्रकर्त्याला स्वतःला कधीच कळू शकत नाही. ज्याचे उत्तर फक्त तोच देऊ शकेल असा एक प्रश्न आला. आणि एक असहमती आली, पण त्याने केलेल्या निवडीमागचे कारण शोधण्याचा प्रयत्न करून आली. अशा अभिप्रायाला उत्तर आल्याशिवाय सहसा राहत नाही, आणि ते उत्तर बहुधा लांबलचक असते, कारण आपले चित्र कोणीतरी खरोखर पाहिले याचा आनंद हौशी माणसाला फार क्वचित मिळतो.

ओळख सुरू होते ती या उत्तराला दिलेल्या उत्तरापासून. बहुतेक लोक पहिल्या आभारावर थांबतात. तिथे न थांबता हातमोजा खरोखरच सापडलेला होता असे कळल्यावर आपल्याकडच्या एसटी स्टँडवर अशी कोणती वस्तू सापडली होती ते सांगावे, आपले तसे चित्र असेल तर त्याचा उल्लेख करावा, मात्र दुवा डकवून त्याला आपल्या पानाकडे ओढण्याची घाई करू नये. त्याला पाहावेसे वाटले तर तो आपणहून येतो. पुढच्या वेळी त्याच्या ताज्या चित्राऐवजी त्याच्या गॅलरीतल्या जुन्या चित्राखाली लिहावे. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या, दुर्लक्षित राहिलेल्या चित्राखाली आलेला नेमका अभिप्राय हा माझ्या मते ऑनलाइन समुदायातला सर्वांत परिणामकारक नमस्कार आहे.

अभिप्राय कोणाला द्यावा, याचाही विचार करावा. ज्यांना हजारो लोक फॉलो करतात त्यांच्या पानावर कितीही मार्मिक लिहिले तरी ते गर्दीत बुडते. आपल्याइतक्याच, म्हणजे दहा ते तीस पसंत्या मिळणाऱ्या आणि गेल्या महिन्याभरात काही नवे मांडलेल्या लोकांकडे वळावे. त्यांतही अशी माणसे निवडावीत की जी स्वतः इतरांच्या चित्रांखाली काहीतरी लिहितात. ते त्यांच्या पानावरून लगेच कळते. दिवसाला एकच अभिप्राय, पण मन लावून लिहिलेला, एवढे पुरे आहे. नोकरी करणाऱ्या माणसाला त्याहून जास्त जमतही नाही, आणि जमवायला गेल्यास पुन्हा ‘नाइस शॉट’वर यावे लागते.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी डेव्हियंटआर्ट ही जागा छायाचित्रकाराला फ्लिकरपेक्षाही सोयीची आहे. फ्लिकरवर जिकडेतिकडे छायाचित्रकारच असतात. डेव्हियंटआर्टवर चित्रकार, व्यंगचित्रकार, कॉमिक्स काढणारे, डिजिटल रंगकाम करणारे आणि लेखक यांची वस्ती फार मोठी आहे. या मंडळींना संदर्भासाठी छायाचित्रे सतत लागतात, आणि तिथल्या बोलीत अशा चित्रांना ‘स्टॉक’ म्हणतात. चांगले स्टॉक देणारा छायाचित्रकार चित्रकारांच्या कामात आपोआप सहभागी होतो. कोल्हापूरच्या तालमीत ज्याला मोकळेपणाने जाता येते, त्याच्याकडे तर असा ऐवज आहे की जो पोर्तुगालच्या किंवा ब्राझीलच्या चित्रकाराला गूगलवर शोधून सापडत नाही.

उदाहरणार्थ, पैलवानाचा मोडलेला कान. वर्षानुवर्षे घर्षण होऊन, मार बसून कानाची पाळी सुजते, घट्ट होते आणि तिचा आकार कायमचा बदलतो. प्राचीन योद्धे, म्हातारे मल्ल, भाडोत्री सैनिक अशी पात्रे रंगवणाऱ्या चित्रकारांना असा कान काढायचा असतो आणि तो नेमका कसा दिसतो हे त्यांना ठाऊक नसते. समोरून, बाजूने आणि मागून अशा तीन कोनांतून घेतलेली त्या कानाची स्वच्छ चित्रे कलाकृती म्हणून कोणी पाहणार नाही. पण ज्याला हवी आहेत तो ती वापरतो, आपले पूर्ण झालेले काम दाखवायला परत येतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. तीच गोष्ट लंगोटाच्या बांधणीची, हातावर माती घेऊन पकड घेणाऱ्या बोटांची, बैठका मारताना ताणलेल्या पोटरीची. तालमीबाहेर पडल्यास कोल्हापुरी फेट्याचे वळण मागून कसे दिसते, नऊवारीचा कासोटा कुठून कुठे जातो आणि गुडघ्याशी चुण्या कशा पडतात, हे विषय आहेत. समोरून काढलेली नऊवारीची छायाचित्रे जगात भरपूर आहेत. पाठमोरी आणि चालताना काढलेली त्या मानाने फारच थोडी दिसतात.

संदर्भचित्र काढताना छायाचित्रकाराला आपल्या काही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. तालमीच्या झरोक्यातून येणारा कवडसा आणि त्यात तरंगणारी तांबडी धूळ पाहिली की आपला हात आपोआप एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, कमी करण्याकडे जातो, कारण गडद सावलीमुळे चित्राला जोर येतो. चित्रकाराला नेमकी त्या सावलीतली माहिती हवी असते: काखेतला स्नायू कुठे संपतो, मानेची शीर कुठे वळते. म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-सावलीतला फरक, वाढवू नये, सावल्या उघड्या ठेवाव्यात, रंगांवर कोणताही तयार फिल्टर चढवू नये. प्रकाश एका बाजूने पण मऊ असावा. दाराजवळची किंवा मोठ्या खिडकीजवळची जागा उत्तम, कारण समोरून पडलेल्या फ्लॅशमध्ये चुण्या आणि स्नायू सपाट होतात. वाइड लेन्स घेऊन जवळ जाऊ नये. जवळून काढल्यामुळे नाक मोठे आणि पाय आखूड दिसतात, आणि चित्रकाराने ते तसेच उतरवले तर दोष त्याच्या माथी येतो. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटर किंवा त्याच्या आसपासची लेन्स घेऊन चार-पाच मीटर मागे उभे राहावे. पावले आणि बोटे कापू नयेत. सुंदर चौकटीसाठी आपण नेमके तेच कापतो आणि चित्रकार नेमके तेच शोधत असतो. लांब बाजू तीन हजार पिक्सेलच्या खाली नको, आणि चित्राच्या मधोमध आपल्या नावाचा वॉटरमार्क तर मुळीच नको.

वापराच्या अटी चित्राखालीच, साध्या वाक्यांत लिहून ठेवाव्यात: चित्र जसेच्या तसे पुन्हा मांडू नये, त्यावरून काढलेले चित्र मांडताना मूळ चित्राचा दुवा द्यावा, विक्रीसाठी वापरायचे असल्यास आधी विचारावे, आणि काम झाल्यावर मला दाखवावे. या शेवटच्या अटीतूनच पुढची बोलणी निघतात. भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे परवानगी दिली म्हणजे हक्क सोडला असे होत नाही. ज्यांना अधिक मोकळेपणाने द्यायचे आहे त्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापराची मुभा देणारा, परवाना निवडावा, पण एकदा दिलेला तो परवाना त्या प्रतीपुरता मागे घेता येत नाही हे लक्षात ठेवूनच निवडावा.

अटींइतकीच, किंबहुना त्याहून महत्त्वाची, आहे ती समोरच्या माणसाची परवानगी. वस्ताद तालमीत कॅमेरा आणू देतात याचा अर्थ त्यांनी आपला चेहरा जगभरच्या चित्रकारांना देऊ केला आहे असा होत नाही. डेव्हियंटआर्टवरचे चित्रकार त्या चेहऱ्याला शिंगे लावतील, पंख लावतील, त्याचा राक्षस करतील. पैलवानाला हे आधी मोबाइलवर दोन-चार उदाहरणे दाखवून सांगावे आणि मगच विचारावे. माझा अनुभव असा की बहुतेक जण हसून ‘काढा की’ म्हणतात, आणि एखादा नको म्हणतो, तेव्हा विषय तिथेच संपवायचा असतो. सरावाला येणाऱ्या लहान मुलांची चित्रे स्टॉक म्हणून देऊच नयेत. हात, कान, पाठ, पाऊल अशी चेहरा नसलेली चित्रे देणे सर्वांत निर्धोक, आणि मागणीही त्यांनाच जास्त असते.

एखाद्या चित्रकाराने आपले छायाचित्र वापरून काही काढले आणि आपल्याला दाखवले, म्हणजे छायाचित्रकाराला शिकण्याची फार चांगली संधी मिळते, आणि तिथे केवळ आभार मानून परतणे हा करंटेपणा आहे. त्याने काय बदलले ते नीट पाहावे. प्रकाशाची बाजू बदलली का, मागची भिंत काढून टाकली का, हात थोडा खाली घेतला का. आणि का, ते विचारावे. चित्रकार चौकटीतली नको असलेली गोष्ट सरळ पुसून टाकतो, आपल्याला ती टाळण्यासाठी दोन पावले सरकावे लागते. या एका फरकावर किती बोलता येते याची कल्पना बोलायला लागल्याशिवाय येत नाही. मला प्रकाश पाहायला शिकवणाऱ्यांत छायाचित्रकार थोडे आणि जलरंगात काम करणारे अधिक आहेत.

गटांविषयी थोडे. हजारो सभासदांच्या ‘उत्कृष्ट छायाचित्रे’ छापाच्या गटांत चित्र घुसवण्याने पसंत्यांचा आकडा वाढतो, एवढेच. विषय जितका अरुंद तितकी माणसे बोलकी, हा माझा अनुभव आहे. फ्लिकरवर एकेका जुन्या लेन्सचे, एकेका कॅमेऱ्याचे गट आहेत, आणि तिथे चाळीस वर्षांपूर्वीच्या वस्तूच्या एका स्क्रूवर आठवडाभर चर्चा चालते. आपल्याकडच्या अनेक घरांच्या माळ्यावर आग्फाचा क्लिक ३ हा साधा कॅमेरा अजून सापडतो. तो भारतात बडोद्याला तयार होत असे आणि १२० फिल्मवर बारा चौकोनी चित्रे काढत असे. तो पुसून, फिल्म भरून, त्यातून रंकाळ्याची चित्रे काढून मांडली, तर फिल्मवर प्रेम करणारी परदेशी मंडळी त्या कॅमेऱ्याची चौकशी करायला आपणहून येतील, कारण युरोपातला क्लिक त्यांना माहीत असला तरी त्याची भारतातली कहाणी बहुतेकांना माहीत नसते. नव्या कॅमेऱ्याने काढलेल्या सूर्यास्ताने हे होत नाही.

गावातल्या गावात माणसे शोधायची असतील तर विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहाकडेही पाहावे. तिथे पसंतीचा व्यवहार जवळजवळ नाही. चित्र उपयोगी आहे का आणि तांत्रिकदृष्ट्या नीट आहे का याची चर्चा मात्र नावानिशी आणि कधीकधी बरीच परखड होते. दर्जेदार चित्रांच्या यादीसाठी किमान दोन मेगापिक्सेलची अट आहे, आणि झुकलेली भिंत किंवा किंचित हललेली कडा तिथले लोक लगेच दाखवून देतात. कोल्हापूरसारख्या देवळांच्या, वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या जिल्ह्यात नोंद करण्यासारखे इतके काही आहे की दोघे-तिघे मिळून रविवारी बाहेर पडण्याचे कारण सहज मिळते. कामाच्या निमित्ताने भेटलेली माणसे गप्पांसाठी भेटलेल्या माणसांपेक्षा जास्त टिकतात असे मला वाटते.

आता इंग्रजीचा प्रश्न. ते आड येत नाही. डेव्हियंटआर्टवर ज्यांच्याशी गाठ पडेल त्यांतल्या पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नसते. ब्राझील, पोलंड, इंडोनेशिया, फिलिपाइन्स इथली मंडळी आपल्यासारखीच तोडकेमोडके लिहितात. छोटी वाक्ये लिहावीत, अलंकार टाळावेत, आणि भाषांतराच्या सोयीचा आधार घेतल्यास पाठवण्याआधी एकदा स्वतः वाचून पाहावे, कारण ती सोय तालमीतल्या ‘हौद्या’चा, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याचा, पाण्याचा हौद करून ठेवते. शीर्षक मराठीत ठेवून खाली दोन ओळींचा खुलासा करणे मला अधिक आवडते. ‘मॉर्निंग लाइट’ या नावाची चित्रे असंख्य असतात. ‘माती उकरताना’ असे देवनागरी शीर्षक आणि त्याखाली आखाड्यातली तांबडी माती सरावाआधी का उकरतात, तिच्यात तेल, ताक, हळद का घालतात हे सांगणाऱ्या दोन ओळी असल्या की विचारायला काहीतरी सापडते. वर्णनाची जागा रिकामी ठेवून लोकांनी बोलावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. वेळेचेही थोडे पाहावे: अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे तिकडच्या मंडळींना सकाळी चहाबरोबर उत्तर लिहिले तर ती जागी असतात आणि बोलणे तिथल्या तिथे पुढे सरकते.

खासगी संदेशांच्या बाबतीत सावधपणा हवा. उघड अभिप्रायांतून चार-सहा वेळा बोलणे झाल्यावर खासगी संदेश पाठवणे स्वाभाविक आहे; त्याआधी पाठवला तर समोरचा दचकतो, विशेषतः ती स्त्री असेल तर, आणि त्यात तिची काही चूक नाही. उलट दिशेने येणाऱ्या संदेशांपैकी काही निव्वळ फसवणुकीचे असतात. आपले चित्र एनएफटी (मालकीची डिजिटल नोंद) म्हणून मोठ्या रकमेला विकत घेतो असे सांगून कसले तरी शुल्क आधी भरायला लावणारे, किंवा कालच उघडलेल्या खात्यावरून ‘तुमच्या चित्रावरून प्रेरणा घेऊन काही काढू का’ असे विचारून लगेच डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर बोलावणारे आणि मग पैसे मागणारे, असे हे प्रकार आहेत. खरा चित्रकार आधी आपल्या चित्राविषयी काहीतरी नेमके बोलतो आणि त्याच्या पानावर काही वर्षांचे काम असते. एवढी पारख पुरेशी आहे. घरात किंवा घराच्या आसपास काढलेल्या मोबाइलच्या चित्रांत ठिकाणाची नोंद राहते, ती मांडण्याआधी काढून टाकावी. प्रत्यक्ष भेटायचे ठरल्यास पहिली भेट चार जणांच्या फोटोवॉकला, दिवसाउजेडी व्हावी. जोतिबाच्या चैत्र यात्रेत भेटण्याची कल्पना छान वाटते, पण गुलालात कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उभ्या असलेल्या दोन माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही. रंकाळ्यावर सकाळी भेटावे.

राहिला प्रश्न इन्स्टाग्रामवर जाण्याचा. कोणतीही ऑनलाइन जागा कायमची नसते, हे गेल्या काही वर्षांत सर्वांनी पाहिले आहे. फ्लिकर २००५ मध्ये याहूने घेतले आणि २०१८ मध्ये स्मगमग या छायाचित्रे साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने. त्याच वर्षी मोफत खात्यावर एक हजार चित्रांची मर्यादा जाहीर झाली आणि अनेक जुने सभासद निघून गेले. डेव्हियंटआर्ट २०१७ मध्ये विक्स या संकेतस्थळे बनवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीकडे गेले, २०२० मध्ये त्याचे नवे रूप सगळ्यांवर लागू झाले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे तयार करणारे साधन आणले तेव्हा सभासदांची चित्रे यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरू देण्याच्या प्रश्नावरून मोठा गदारोळ झाला. विरोधानंतर नियम लगेच बदलला, तरी काही चित्रकार परतले नाहीत. अशा प्रत्येक वेळी ज्यांच्याकडे एकमेकांचे ईमेल होते त्यांची ओळख टिकली. म्हणून ज्यांच्याशी बोलणे जमले आहे अशा दोघा-तिघांचा समुदायाबाहेरचा पत्ता वेळीच घेऊन ठेवावा.

इन्स्टाग्राम २०१० मध्ये छायाचित्रांसाठी सुरू झाले, पण आता तिथे स्थिर चित्राला मागे सारून चलतचित्र पुढे केले जाते, आणि अंगठ्याने सरकत्या पडद्यावर हातमोजा शोधत बसण्याची सवड कोणाला नसते. तालमीतल्या पैलवानांना आणि त्यांच्या घरच्यांना चित्रे दाखवण्यासाठी तिथे खाते जरूर उघडावे, कारण ती मंडळी तिथेच असतात आणि डेव्हियंटआर्टवर येणार नाहीत. ग्लाससारखी सशुल्क, पसंतीचा आकडा चारचौघांत न मिरवणारी अ‍ॅपही आहेत, पण चित्रकारांची वस्ती तिथे नाही, आणि तुमच्याकडे जे देण्यासारखे आहे त्याचे गिऱ्हाईक चित्रकार आहे. तेव्हा मुक्काम डेव्हियंटआर्टवरच ठेवावा, आठवड्याला पाच-सहाऐवजी दोनच चित्रे मांडावीत, त्यांतले एक संदर्भासाठी असावे, आणि वाचलेला वेळ इतरांच्या पानांवर घालवावा. वर्षभरात नाव घेऊन बोलता येईल अशी दोन-तीन माणसे मिळाली तर ते भरपूर झाले.